दुसरं पत्र तुम्ही लिहिलंच नाही

१९१४ सालच्या नोव्हेंबरात लंडन आणि एडिंबराच्या वर्तमानपत्रांना पत्रं धाडणाऱ्या समस्त देशभक्त मंडळींस,

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी आज कुणीही हयात नाही हे ठाऊक असूनच लिहायला बसलोय. पाकिटावर पत्ता कुठला घालायचा हा प्रश्न होता, म्हणून पत्र उघडंच टाकतोय. तुम्हीही तुमची पत्रं उघडीच टाकली होती. ज्या फुटबॉलपटूंबद्दल लिहिलंत त्यांच्या घरी ती गेली नाहीत, थेट पेपरात आली. तेव्हा फिटंफाट.

माझी ओळख सांगतो. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल तालमींच्या नावानं खेळतात, त्यावरून पेठापेठांत वर्ष-वर्ष अबोला धरतात, आणि शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की दुकानदार गल्ल्यावर पोराला बसवून निघतो. जुन्या स्कॉटिश फुटबॉलबद्दल हाताला लागेल ते वाचायचा मला नाद आहे. त्याच नादात तुमची पत्रं भेटली.

इतिहासाचे प्राध्यापक ए. एफ. पोलार्ड, पहिलं महायुद्ध नुकतंच पेटलेलं असताना तुम्ही ७ नोव्हेंबरच्या ‘टाइम्स’मध्ये लिहिलंत की धंदेवाईक खेळाडू पदरी ठेवणारा प्रत्येक क्लब म्हणजे सैन्याला हव्या असलेल्या माणसाला भरती होऊ नये म्हणून लाच देतोय, आणि तिकीट काढून सामना बघणारा प्रत्येक जण जर्मनीच्या विजयाला हातभार लावतोय. आणि एडिंबराच्या ‘इव्हनिंग न्यूज’मध्ये ‘सैनिकाची मुलगी’ एवढीच सही करणाऱ्या बाई, तुम्ही सुचवलंत की हार्ट ऑफ मिडलोदियन, म्हणजे हार्ट्स, या तिथल्या फुटबॉल क्लबनं खेळ चालू ठेवायचाच असेल, तर तात्पुरतं आपलं नाव बदलून ‘मिडलोदियनची पांढरी पिसं’ असं ठेवावं. माझ्या वाचकांना सांगतो, तिकडं पुरुषाच्या हातात पांढरं पीस देणं म्हणजे आपल्याकडं बांगड्या भर म्हणणं.

तुमचं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईतली मेलेल्यांची यादी रोज छापून येत होती आणि शनिवारी दुपारी हजारो तरणीताठी माणसं मैदानाच्या कडेला उभी राहून ओरडत होती. ज्या घरात तार आली, त्या घराच्या खिडकीतून तो आवाज ऐकू येत असेल तर काय वाटेल, हे मला कळतं. रग्बीवाल्यांनी सामने लगेच थांबवले, हेही खरं.

पण रग्बीवाल्यांना थांबवणं परवडत होतं. तो वकील-डॉक्टरांच्या मुलांचा खेळ, हौशी. सामना झाला नाही म्हणून त्यांच्या घरची चूल थांबत नव्हती. फुटबॉलमध्ये पैसे घेऊन खेळायला इंग्लंडमध्ये १८८५ साली परवानगी मिळाली, स्कॉटलंडमध्ये तर १८९३ उजाडलं. म्हणजे तुम्ही पत्रं लिहिलीत तेव्हा स्कॉटलंडातला उघड पगारी खेळाडू एकवीस वर्षांचा होता. खाणीत, गोदीत, कारखान्यात घासून मोठी झालेली ही पोरं. तुमच्या पत्रांत लढाईपेक्षा ‘पैसे घेऊन खेळतो’ हाच राग जास्त डोकावतो. जो अंगमेहनत विकतो तो अंग देणार नाही, असं तुम्ही गृहीतच धरलेलं दिसतं.

हा राग मला परका नाही. बाहेरून पैसे देऊन आणलेल्या एका खेळाडूनं भर सामन्यात पेनल्टी घालवली, तेव्हा मीच गॅलरीतून ओरडलो होतो, “पैसं घेऊन खेळतंय, त्याला काय पडलंय!” पुढच्याच आठवड्यात तो पोरगा गुडघ्याला बँडेज गुंडाळून, लंगडत, दुसऱ्या एका संघाकडं काम मागायला उभा होता. मी तिथं होतो. काही बोललो नाही. हे पत्र तुम्हाला लिहिण्याचा मला किती अधिकार आहे, ते यावरून ठरवा.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो त्याच्याकडं येतो.

विल्यम अँगस. घरचा विली. जन्म २८ फेब्रुवारी १८८८, वेस्ट लोदियनमधलं आर्माडेल. बाप खाणकामगार, पोरगंही खाणीत उतरलं. वाढला तो लॅनर्कशायरमधल्या कार्लूक या छोट्या गावात आणि तिथल्याच कार्लूक रोव्हर्समधून खेळला. १९११ साली त्याला ग्लासगोच्या सेल्टिकनं घेतलं. सेल्टिक म्हणजे तेव्हाचा दादा संघ. १९०५ ते १९१० अशी सलग सहा वर्षं लीग त्यांच्याकडे. अशा संघात खाणीतून आलेल्या पोरानं शिरकाव करून घेणं म्हणजे भरल्या पंगतीत पाट मागण्यासारखं. विलीला पाट मिळाला नाही. बहुतेक काळ दुसऱ्या फळीत गेला. १९१४ मध्ये सेल्टिकनं त्याला मोकळं केलं आणि तो विशॉ थिसलकडे गेला, कप्तान झाला. विशॉ थिसल हे नाव तुम्ही ऐकलंही नसेल. मी तरी कुठं ऐकलं होतं? तुमच्या ‘लाच’ या शब्दाच्या तुलनेत तिथला पगार काय असणार, याचा अंदाज तुम्हीच करा.

लढाई पेटली आणि हा माणूस हायलँड लाइट इन्फंट्रीच्या आठव्या पलटणीत भरती झाला. ही टेरिटोरियल पलटण, म्हणजे गावातल्या माणसांची. तिथून काही जणांना रॉयल स्कॉट्सच्या आठव्या पलटणीला जोडून फ्रान्सला धाडलं. बाई, तुमची पिसं त्याच्यापर्यंत पोचायची काही गरज नव्हती.

पुढचं घडलं ते जिव्हाँशी या गावापाशी. उत्तर फ्रान्स, सपाट, खाणींचाच मुलूख. विलीला ती माती ओळखीची वाटली असेल. याच जिव्हाँशीत सहा महिने आधी, डिसेंबर १९१४ मध्ये, हिंदी पलटणी गुडघाभर चिखलात उभ्या होत्या आणि जर्मनांनी त्यांच्या पायाखाली सुरुंग उडवले होते. आमच्या मराठा पलटणी प्रामुख्यानं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या, कुतच्या वेढ्यात उपाशी राहिल्या. पण जिव्हाँशीतले आणि कुतमधले, दोन्हीकडचे हिंदी शिपाई महिना ११ रुपयांवर लढत होते. पगारीच होते ते. जिव्हाँशीपासून जवळच न्यव्ह शापेलला त्यांच्यातल्या ४,७०० हून जास्त बेपत्ता माणसांची नावं दगडात कोरलीयेत. त्यांना पगारी म्हणून हिणवणारं पत्र तुमच्यापैकी कुणी लिहिलं नाही, एवढं मात्र खरं.

११ जून १९१५ ची रात्र. लेफ्टनंट जेम्स मार्टिन काही माणसांना घेऊन जर्मन खंदकावर बॉम्बहल्ला करायला गेला. जर्मनांनी सुरुंग उडवला, तुकडी कशीबशी मागे आली आणि मोजदाद केली तर मार्टिन नाही. उजाडल्यावर तो दिसला. जर्मन खंदकाच्या बांधाला लागून, अर्धा मातीत गाडलेला, आणि हलतोय. जिवंत. जर्मनांपासून काही यार्डांवर, आपल्यांपासून साठ-सत्तर यार्डांवर, जूनचं ऊन डोक्यावर.

हा मार्टिन कार्लूकचा. विलीच्या गावचा.

विलीनं जायची परवानगी मागितली. वरिष्ठांनी सुरुवातीला नाही म्हटलं, मग वरपर्यंत विचारून होकार आला. एका अधिकाऱ्यानं त्याला बजावलं की बाबा, तू मरायला चाललायस. तेव्हा तो म्हणाला असं सांगतात, “आज काय नि उद्या काय साहेब, फारसा फरक पडत नाही.” त्याच्या अंगाला दोर बांधला. कशासाठी? तो मेला तर निदान प्रेत ओढून आणता यावं म्हणून. ज्यानं तो दोर बांधला त्याच्या हातांचा मी कधीकधी विचार करतो. गाठ मारताना तो काय बोलला असेल?

विली पोटावर सरपटत निघाला. उघड्या माळावर, दिवसाउजेडी. साठ-सत्तर यार्ड म्हणजे पेनल्टी बॉक्सपासून पेनल्टी बॉक्सपर्यंतचं अंतर. चेंडू घेऊन तो ते दहा सेकंदांत कापत असेल. जर्मनांना पत्ता लागू न देता तो मार्टिनपाशी पोचला. दोर स्वतःच्या अंगावरून सोडून मार्टिनला बांधला, त्याला ब्रँडीचा घोट पाजला, उठवायला बघितलं आणि तेवढ्यात वरून चाहूल लागली. मग हातबॉम्ब यायला लागले. एक, दुसरा, तिसरा. विली मार्टिनच्या आणि बॉम्बच्या मध्ये राहिला. धुरळा एवढा उठला की काही क्षण दोघंही दिसेनासे झाले. मागच्यांना दोर ओढायची खूण करून त्यानं मार्टिनला मार्गी लावलं आणि स्वतः मुद्दाम दुसऱ्या दिशेनं निघाला. मारा आपल्यामागं यावा म्हणून.

फुटबॉल खेळलेल्या माणसाला ही चाल समजावून सांगावी लागत नाही. चेंडू एकीकडं सोडायचा आणि बचावपटूला आपल्यामागं दुसरीकडं पळवायचं. कार्लूक रोव्हर्समध्ये हे त्यानं शेकडो वेळा केलं असेल. इतिहासकार माझ्या या वाक्यावर नाक मुरडतील, मुरडू देत.

दोघंही आपल्या खंदकात पोचले. मार्टिन वाचला. विलीच्या अंगावर चाळीसेक जखमा. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश सैन्यातलं शौर्याचं सर्वोच्च पदक देताना जे अधिकृत मानपत्र निघालं त्यात सरळ लिहिलंय की हे काम अंगावर घेताना शत्रूच्या माऱ्यातून सुटण्याची त्याला कसलीही संधी नव्हती. सरकारी कागदाला एरवी असलं काही कबूल करायची सवय नसते.

३० ऑगस्ट १९१५ ला बकिंगहॅम राजवाड्यात पाचव्या जॉर्जनं त्याच्या छातीवर पदक लावलं. राजानं चाळीस जखमांचा विषय काढला. विली म्हणाला, “होय सरकार, पण त्यातल्या गंभीर तेराच होत्या.” पोलार्डसाहेब, तुमचं पूर्ण पत्र एका बाजूला आणि हे वाक्य दुसऱ्या बाजूला ठेवून बघा.

त्या तेरांचा हिशेब असा. डावा डोळा गेला. उजव्या पायाचा काही भाग गेला. फुटबॉलपटूचा पाय! सुताराची पटाशी, शेतकऱ्याचा बैल, तसं त्याचं ते एकुलतं भांडवल. सत्ताविसाव्या वर्षी खेळ संपला. विशॉ थिसलचा पगारही संपला. त्याबदल्यात शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉससोबत वर्षाला दहा पौंड मिळायचे. वर्षाला, महिन्याला नाही. इंग्लंडमध्ये तेव्हा खेळाडूला जास्तीत जास्त द्यायचा ठरलेला पगार आठवड्याला पाच पौंड होता. म्हणजे दोन आठवड्यांच्या खेळाएवढा मोबदला, वर्षभराचा. तुम्हाला पगाराचा एवढा राग होता म्हणून आकडे दिले.

कार्लूकमध्ये त्याचं वाजतगाजत स्वागत झालं, अख्खं गाव रस्त्यावर. त्या स्वागताला मार्टिनही होता. त्याचं दृश्य मला डोळ्यांसमोर आणता येतं, कारण आमच्याकडं सुट्टीवर आलेल्या जवानाची मिरवणूक मी पाहिलीय. हलगी, गुलाल, आणि मधोमध कावराबावरा झालेला तो, कुठं बघावं हेच न कळणारा.

तुम्ही म्हणाल, आम्ही पत्रं लिहिली म्हणूनच पुढं खेळाडू भरती झाले. हा दावा मला ठाऊक आहे, म्हणून हार्ट्सचंही सांगून टाकतो. बाई, तुमचं पत्र छापलं गेलं तेव्हा त्या क्लबचे दोन खेळाडू, जॉर्ज सिंक्लेअर आणि नील मोरलँड, राखीव दलातले असल्यानं ऑगस्टपासूनच सैन्यात होते. तुम्ही चौकशी केली नाहीत. त्यानंतर २५ नोव्हेंबरला सर जॉर्ज मॅक्रे यांच्या नव्या पलटणीत एकाच दिवशी अकरा जण दाखल झाले; त्यांच्यामागोमाग शेकडो चाहते. त्या हंगामात हार्ट्सनं सुरुवातीचे आठही सामने जिंकले होते, लीग त्यांचीच होती. पण आठवडाभर कवायत, रात्रीच्या लांबलांब पायपिटी, लशींचा ताप, आणि शनिवारी सामना. शेवटाला दमले. सेल्टिक ६५ गुण, हार्ट्स ६१. सात खेळाडू परत आले नाहीत. त्यातले तिघे, वॉटी, करी आणि एलिस, एकाच दिवशी गेले, १ जुलै १९१६, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईची पहिली सकाळ. टॉम ग्रेसी, त्या हंगामात गोलांचा रतीब घालणारा, रक्ताच्या कर्करोगानं गेला. त्यांच्या आठवणीचं घड्याळ १९२२ पासून एडिंबराच्या हेमार्केटला आहे. तुमच्या पत्राचा त्यात वाटा आहे असं तुम्हाला वाटत असेल तर घ्या. पण मग पूर्ण वाटा घ्या, सातही नावांचा.

सगळे खेळाडू संत होते असंही मी तुमच्या गळी उतरवणार नाही. हर्लफर्डचा सँडी टर्नबुल घ्या. १९०९ च्या एफए कप अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडचा एकमेव गोल त्याचा. आणि १९१५ च्या गुड फ्रायडेला लिव्हरपूलविरुद्धचा सामना पैजेच्या पैशासाठी आधीच ठरवून खेळला गेला, त्यात हाही सामील. जन्मभराची बंदी आली. मग सैन्यात गेला, ३ मे १९१७ ला आरासच्या लढाईत मेला. १९१९ साली बंदी उठवली, मेलेल्या माणसावरची. मला स्वतःला हे पटत नाही. सामना विकणं वाईट, ते वाईटच राहतं. आणि त्याचं मरणही मरणच राहतं. एकानं दुसरं खोडायचं कारण नाही. माणसाला एकदाच तोलून निकाल देण्याची घाई क्लबच्या कमिट्यांनाही होते आणि पत्रलेखकांनाही.

आता माझी खरी तक्रार. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुम्ही पहिलं पत्र लिहिलंत. ठीक. रागाच्या भरात माणूस लिहितो. पण जून १९१५ मध्ये जिव्हाँशी झालं, ऑगस्टमध्ये राजवाड्यातलं पदक झालं, सगळ्या पेपरांत आलं. तुम्ही पेपर वाचणारी माणसं. तेव्हा दौतीत शाई नव्हती का? ‘मी अमुक म्हणालो होतो, ते त्या माणसाबाबत चुकलं’ एवढी दोन ओळींची चिठ्ठी? मला तरी असं पत्र कुठं सापडलं नाही. आणि बाई, तुम्ही तर नावही दिलं नाहीत. खेळाडूंची नावं जाहीर, त्यांचे पगार जाहीर, त्यांची भीती जाहीर. तुमची सही मात्र ‘सैनिकाची मुलगी’. आमच्याकडं आता असं नाव झाकून रोज हजारो लोक लिहितात. तुम्हाला काळाच्या पुढं म्हणावं लागेल.

विलीनं पुढं काय केलं, ते तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. घोड्यांच्या शर्यतींवरच्या पैजांचं नियमन करणाऱ्या मंडळात त्यानं नोकरी केली. जस्टिस ऑफ द पीस झाला, म्हणजे गावातल्या बारीकसारीक भांडणांत त्याचा शब्द चालायचा. आणि कार्लूक रोव्हर्सचा अध्यक्ष झाला, मरेपर्यंत. पाय अधू, डोळा एक, तरी ज्या मैदानावर पोरगेला असताना धावला, त्याच्याच कडेला उभा राहून तो पोरांचा खेळ बघायचा. कुणाला ‘पगारी’ म्हणून ओरडला असेल असं वाटत नाही.

दर वर्षी १२ जूनला त्याला मार्टिनची तार यायची. तारेला शब्दागणिक पैसे पडायचे. मार्टिनचे चारच शब्द असायचे: ‘बारा तारखेबद्दल हार्दिक अभिनंदन.’

विली अँगस कार्लूकलाच वारला, १४ जून १९५९ ला.

कळावे,
कोल्हापूरचा एक फुटबॉलवेडा